शुक्रवारची पाणीपातळी

माती-पाण्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर शीराजनं बिर झैतर गावच्या खजूरबागांत पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर मातीची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. खजुराच्या बुंध्याला टेकून बसलेल्या चौघांनी ते पाहिलं आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. मातीत माणूस पेरतो, मेल्यावर मातीत जातो. पण ती चाखून बघणारी बाई आली म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं असणार.

"खाली गॅस आहे, तो शोधतेय," कहवाखान्यात एकजण म्हणाला.

"गॅस चाखून कळतो होय रे, गाढवा? ती बोअर मोजायला आलीय. मोजून झाले की सील ठोकणार."

यावर मात्र कुणी हसलं नाही. नफझावाच्या त्या वाळवंटी टापूत दर चौथ्या बागेत परवान्याशिवाय मारलेला बोअर होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडानं कुणी बोलत नव्हतं.

पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष होता रहूमा. त्याचा धाकटा भाऊ तिजानी हा गावचा पाटकरी. सरकारी विहिरीचं पाणी कुणाच्या बागेत किती तास सोडायचं, हे काम तो बावीस वर्षं करत होता. रहूमानं त्याला घरी बोलावून चहा पाजला. तो असा चहा पाजायला लागला की काहीतरी काम निघतं, हे तिजानीला लहानपणापासून माहीत होतं.

"तिला वाट दाखवायला माणूस हवाय. तू जा," रहूमा म्हणाला. "ती काय लिहिते, कुणाला फोन करते, सगळं मला कळलं पाहिजे."

"आणि तिनंच मला काही विचारलं तर?"

"तर तू म्हातारा, अडाणी. तुला काय माहीत असणार?"

"मी म्हातारा? माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा कोण आहे?"

"म्हणून तर मी अध्यक्ष आहे."

तिजानी निघाला. शीराज किनाऱ्यावरच्या शहरातून आली होती. चाळिशीची, कमी बोलणारी. हातात माणसाच्या उंचीचं गिरमिट. ते ती जमिनीत फिरवत खोल नेई आणि वितीवितीची माती काढून पिशव्यांत भरी. वर वाळू, मग जिप्समचा पांढरा, टणक थर, त्याखाली ओलसर राखाडी माती. पिशवीवर नुसता आकडा टाकी, नाव कधीच नाही. नाव का नाही, हा प्रश्न तिजानीच्या डोक्यात खुपत राहिला. ज्याला काही लपवायचं नाही, तो नाव लिहायला का भितो?

बागांच्या दक्षिण टोकाला पोचल्यावर ती बराच वेळ उभी राहिली. तिथल्या खजुरांच्या झावळ्या शेंड्यांपासून करपल्या होत्या आणि आळ्यांत मीठ फुललं होतं.

"काका, हे कधीपासून?"

"अल्ला जाणे."

"इकडे कुणाचा बोअर आहे?"

"अल्ला जाणे."

"अल्ला जाणतोच. मी तुम्हाला विचारतेय," ती म्हणाली, आणि तिनं वहीत काहीतरी लिहिलं. तिजानीनं मान लांब केली. तिनं वही मिटली.

जाण्यापूर्वी तिनं पाच ठिकाणी जमिनीत नळ्या पुरल्या आणि प्रत्येक नळीत दोरीनं एकेक यंत्र सोडलं. ते पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी टिपून ठेवतं, असं ती म्हणाली. "म्हणजे ते आपलं बोलणं ऐकतं," असा कहवाखान्याचा निकाल लागला. त्यानंतर लोक नळ्यांजवळून जाताना गप्प चालू लागले.

दीड महिन्यानं ती परत आली, नळ्यांतली यंत्रं वर काढून तिनं नोंदी लॅपटॉपवर घेतल्या आणि तिजानीला गाडीच्या सावलीत बोलावलं. पडद्यावर प्रत्येक नळीची एकेक निळी रेघ होती. चार नळ्यांची रेघ सपाट. पाचव्या, दक्षिणेकडच्या नळीची रेघ मात्र ठरावीक अंतरानं खड्ड्यात पडल्यासारखी खाली जात होती.

"हा शुक्रवार. हा त्याच्या पुढचा शुक्रवार. हा पण शुक्रवार," तिनं बोट ठेवत सांगितलं. "दुपारी साडेबारा ते दोन. काका, गावात पाणी तुम्ही सोडता. त्या वेळेला इथं कोण उपसतं?"

तिजानी उखडला. "तुम्हाला काय म्हणायचंय? त्या वेळेला सगळं गाव मशिदीत असतं. मी पण असतो."

"म्हणूनच विचारतेय."

"यंत्र तुमचं, रेघ तुमची. उद्या तुम्ही मंगळवार पण दाखवाल."

ती चिडली नाही. नुसती बघत राहिली, आणि तिजानीला कळून चुकलं की जसा तो तिच्यावर नजर ठेवून आहे, तशीच तीही त्याच्यावर ठेवून आहे.

त्यानं हे रहूमाला सांगितलं. रहूमाचा चहाचा पेला ओठांशी थांबला. "ती नळी उपटून टाक," तो म्हणाला. "म्हणावं, उंटानं लाथ मारली."

"का उपटू? आपलं काय जातंय?"

"सांगितलं तेवढं कर."

तिजानीनं नळी उपटली नाही. पण त्या पेल्याचं थांबणं त्याच्या मनातून जाईना. रहूमानं तिकडं नवी लागवड केली होती, तिला पाणी कुठून पुरतं? पुढच्या शुक्रवारी मशिदीत तो मागच्या रांगेत बसला आणि माणसं मोजू लागला. खुत्ब्याचं, इमामाच्या प्रवचनाचं, एक अक्षर त्याच्या कानात शिरलं नाही. रहूमा पहिल्या रांगेत, त्याचे मुलगे शेजारी. दक्षिणेकडचे बागवाले सगळे हजर. अंथरुणाला खिळलेले दोघे सोडले तर गावातला एकही पुरुष बाहेर नव्हता. मग ती बाईच खोटं बोलत होती की काय?

नमाजाच्या शेवटी सलाम फिरवताना त्यानं उजवीकडे मान वळवली, डावीकडे वळवली, आणि तिथंच थबकला. त्यानं फक्त पुरुष मोजले होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, तो धडधाकट असून नमाजाला गेला नाही. दक्षिणेच्या वाटेनं चालू लागला. मशिदीचा कर्णा बागेवर घुमत होता. इमाम श्वास घ्यायला थांबला की मधल्या फटीत दुसरा एक आवाज यायचा. धप, धप, धप. इमाम बोलू लागला की बुडून जायचा. आवाज झावळ्यांच्या कुंपणापलीकडून येत होता आणि ते कुंपण तिजानीनं स्वतःच्या हातानं बांधलेलं होतं. बाग त्याच्या विधवा बहिणीची, तेब्राची होती.

बकऱ्यांच्या गोठ्यात डिझेलचं इंजिन चालू होतं. तेब्रा बाही वर करून पाट वळवत होती. त्याला बघून ती दचकली नाही. फावडं रोवून उभी राहिली.

"आज नमाज नाही का, पाटकरी?"

"तेब्रा, हे काय आहे?"

"डोळे गेले? पाणी आहे."

"बोअर कधी मारलास?"

"रहूमाच्या थोरल्याच्या लग्नात. तीन दिवस ढोल वाजत होते. गावानं खाल्लं, नाचलं. इकडं यंत्र घरघरत होतं. मी तीनही दिवस बायकांत सगळ्यांत मोठ्यानं गायले."

तिजानी दगडावर बसला. "मला सांगायचंस तरी."

"तुला?" ती पुढं आली. "माझा नवरा गेला तेव्हा माझी पाण्याची पाळी पाच तासांची होती. त्याचा चाळिसावा दिवस झाला आणि ती दोन तासांची झाली. एकट्या बाईला एवढं पाणी कशाला, असं रहूमा म्हणाला. आणि माझे तीन तास त्याच्या नव्या लागवडीकडे कुणी वळवले? दार कुणी उघडलं, तिजानी? कुणाच्या हातानं?"

पाण्याचं दार त्यानंच उघडलं होतं. त्याला आता कळलं की त्या दिवशी रहूमाचा पेला का थांबला होता. रहूमाला बोअरची माहिती नव्हती. त्याला भीती होती ती मोजमापाची. पाणी मोजायला लागलं की ते कुणाचं कुठं गेलं हेही निघालं असतं.

"पुढं काय? देणार मला पोलिसांत?" तेब्रानं विचारलं.

तो उठून गेला.

शीराज पुन्हा आली तेव्हा त्यानं तिला एवढंच विचारलं, "आकड्यापुढं तुम्ही नाव का लिहीत नाही?"

"कागद कुणाच्याही हातात पडतो, काका. मला मातीचं दुखणं शोधायचंय. माणूस पकडणं माझं काम नाही."

खरं की खोटं, हे त्याला चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. तरीही तो तिला घेऊन तेब्राच्या कुंपणाशी गेला. तेब्रानं दोघांना पाहिलं आणि ती भावाकडे बघून जमिनीवर थुंकली.

शीराजनं बोअरच्या तोंडाशी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडला, वायरला बांधलेलं यंत्र खाली सोडलं, आकडे घेतले. मग गुडघ्यांवर बसून म्हणाली, "ताई, बोअर मारणाऱ्यानं तुम्हाला फसवलंय. वरचे जेमतेम दहा मीटर सोडले तर आत पाइपच घातलेला नाही. वरच्या थरात खारं पाणी आहे, ते या भोकातून रात्रंदिवस खालच्या गोड पाण्यात उतरतंय. तुमचं इंजिन शुक्रवारी दीड तास चालतं, पण खार उतरतो आठवडाभर. दक्षिणेकडची झाडं त्यानं जळतायत. तुमचीसुद्धा."

"तुझं यंत्र तुझ्यासारखंच बोलणार."

"मग यंत्र राहू द्या. चाखून बघा."

"मी चाखायची गरज नाही," तेब्रा हळूच म्हणाली. "पेरणीपासून बकऱ्या हे पाणी पीत नाहीत." मग ती भावाकडे वळली. "बुजवा. पण आधी माझे तीन तास. चार माणसांसमोर. तुझ्या एकट्याच्या शब्दावर नाही."

संस्थेची बैठक शाळेच्या खोलीत झाली. तिजानी उभा राहिला. बोअर कुणाचा ते त्यानं सांगितलं, कारण तेब्रानंच सांगायला सांगितलं होतं. मग सहा वर्षांपूर्वी पाण्याचं दार कुणाच्या सांगण्यावरून कुणी फिरवलं, तेही सांगितलं.

"त्या बाईनं तुला विकत घेतलंय," रहूमा म्हणाला.

"तिनं मला चहासुद्धा पाजला नाही," तिजानी म्हणाला. "चहा तू पाजलास."

कुणीतरी हसलं. पण निकाल हसण्यानं लागला नाही. दक्षिणेकडच्या ज्या नऊ बागवाल्यांची झाडं करपत होती, ते एकेक करून उठले आणि बोअर बुजवायच्या, पाळी परत द्यायच्या बाजूनं त्यांनी हात वर केले. मतं पडली तेव्हा रहूमा आणि त्याची माणसं खोलीत नव्हती.

बोअरमध्ये सिमेंट ओतलं, त्या दिवशी तेब्रा सकाळपासून तिथं उभी होती. आणि तिची पहिली पूर्ण पाळी आली, तेव्हा ती नवऱ्याचं मनगटी घड्याळ घेऊन पाटावर बसली. तिजानीनं दार उघडलं. ती पाच तास हलली नाही, नजर घड्याळावर. वेळ भरली तशी उठली.

"बंद कर."

"थोडं राहू दे. कुणी बघत नाही."

"बंद कर म्हटलं ना."

वर्ष संपायच्या आत संस्थेनं पाटकरी बदलला. संस्थेत रहूमाचे लोक अजून जास्त होते. तिजानीला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. भावाच्या घरचा रस्ता बंद झाला. तेब्राकडे मात्र अधूनमधून जेवायला कुसकुस मिळू लागला, तोही उंबऱ्याबाहेर.

पाचव्या नळीतल्या पाण्याचा खारटपणा थोडासा उतरला. शीराज म्हणाली, झाडांवर दिसायला तीनचार वर्षं लागतील, आणि शेजारच्या बागांत असे आणखी किती बोअर आहेत हे तिला ठाऊक नाही. तिच्या गैरहजेरीत नळ्यांवर लक्ष ठेवायचं काम आता तिजानीकडे होतं.

यंत्राची पिशवी खांद्याला लावून तो कहवाखान्यात शिरला की बोलणं थांबायचं. कुणी पावसाचा विषय काढायचं, कुणी देगला खजुराच्या भावाचा. सुरुवातीला त्याला ते झोंबायचं. आता तो कोपऱ्यातली खुर्ची ओढतो, पिशवी पायाशी ठेवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचा चहा मागवतो.