चारचौघं कुठून आले?

आष्टीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या वच्छलावर खटला झाला तो नाचण्यावरून. बरं, नाचली कुठे? स्वतःच्या घरात, दार लावून, विधुर ताराचंदसोबत, मोबाइलवरच्या गाण्यावर. शेजारच्या ज्ञानेश्वरला ते खुपलं. पन्नाशीच्या विधवेने हसावं, हेच मुळी त्याला सोसेना! त्याने दोघांविरुद्ध तक्रार ठोकली आणि कागदावर चढलं, ‘चारचौघांत अश्लील चाळे करून सार्वजनिक शांततेचा भंग.’

"कबूल करून टाकू," ताराचंद म्हणाला. "दंड भरू, मोकळे होऊ."

वच्छलाला भीती दंडाची नव्हती. एकदा हो म्हटलं, की आपल्याच घरात हसायचीही चोरी.

"मी नाई करत कबूल," ती म्हणाली.

कोर्टात अर्धं गाव लोटलं. लोकांना काय, फुकटचा तमाशा! ज्ञानेश्वरने इस्त्रीचा सदरा घालून साक्ष दिली. वच्छलाने वकील केला नव्हता, म्हणून न्यायाधीशबाईंनी तिलाच विचारलं, "साक्षीदाराला काही विचारायचं आहे?"

ती उठली.

"ज्ञानेश्वरभाऊ, घरात आमी किती जण होतो?"

"दोघं."

"मंग चारचौघं कुठून आले?"

"मी पाह्यलं ना! माह्या साळ्यानंबी पाह्यलं."

"दार तं लावलेलं होतं."

"झरोक्यातून पाह्यलं."

"झरोका तं पार आढ्याजवळ हाय."

ज्ञानेश्वर घुटमळला. "शिडी लावलती," तो पुटपुटला.

"घ्या! खाली आमी दोघं, शिडीवर तुमी दोघं. चारचौघं तं तुमीच जमवले, भाऊ!"

कोर्ट खदखदून हसलं. न्यायाधीशबाईंनी टेबल वाजवलं, पण हसू त्यांनाही आवरेना. बंद दाराआडची खोली ही काही चव्हाटा नव्हे, असं सांगून त्यांनी दोघांना निर्दोष सोडलं. वच्छलाला तिथेच रडू फुटलं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

गावात परतल्यावर ती तडक ज्ञानेश्वरच्या दारात गेली. मागे ताराचंद होता, त्याच्या मागे अर्धं गाव.

"भाऊ, शिडी द्या. दोडक्याचा मांडव घालाचा हाय. तुमाले तं आता तिचं काम नाई."

ज्ञानेश्वरने मान खाली घालून शिडी काढून दिली. ताराचंदने ती खांद्यावर घेतली. घरी येऊन वच्छलाने आधी दार लावलं, मग गाणं लावलं, चांगलं मोठ्याने.