पुढच्या दाराची बेल

"बेल? आपल्या घराला? घर काय शाळा हाय?" जाळ्याचा फाटका भाग सांधता सांधता गंगारामने विचारलं.

"लावायची म्हंजे लावायची," शकू म्हणाली.

गंगाराम घाबरला. लग्न झाल्यापासून शकूने काही मागितलं नव्हतं. सोनं त्याने आपणहून केलं आणि होडीच्या इंजिनापायी आपणहून मोडलं; दोन्ही वेळा ती फक्त 'बरं' म्हणाली. अशा बाईने एकदम काही मागितलं की नवऱ्याला आधी डॉक्टर आठवतो.

ही बाधा चिपळूणला झाली होती. लेक सानिका तिथे तिसऱ्या मजल्यावर राहते. शकू तिच्याकडे आठवडाभर राहून आली. बाजार कसा, लिफ्ट कशी, यातलं तिने काही सांगितलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. बेल वाजली की सानिका हात पुसायची, आरशापुढे केसांवरून हात फिरवायची, गाऊनवर ओढणी घ्यायची, 'कोण?' म्हणून विचारायची आणि मग दार उघडायची. दारात इस्त्रीवाला असायचा. पण इस्त्रीवाल्यासाठीसुद्धा लेक आधी माणसांत यायची.

हर्ण्याच्या घरालाही पुढचं दार होतं. ते लग्नाला, गणपतीला आणि मयताला उघडत असे. एरवी सगळा गाव मागच्या दाराने यायचा. हाक आधी पोचायची की माणूस, हे सांगता यायचं नाही. शकू धुराने डोळे चोळत असो की अर्ध्या नेसल्या साडीत असो, कोणीतरी समोर उभं असायचंच. साठ वर्षांत तिला केस सारखे करायची सवड कुणी दिली नव्हती. गंमत अशी, की चिपळूणला जाईपर्यंत तिला ती हवीही नव्हती.

दापोलीहून बेल आली. बाबू वायरमनने ती बसवली. आवाज पाखराचा निघाला. पहिल्यांदा ती बाबूने वाजवली, दुसऱ्यांदा गंगारामने, तिसऱ्यांदा कोणीच नाही. त्या दिवसापासून शेजारचं मांजर बेलखाली आशेने बसू लागलं. दुसरी आशा घरात बसली होती.

माणसं मागूनच येत राहिली. बेल बघायलासुद्धा मागच्या दारानेच आली.

मग शकूने आयुष्यातली पहिली मुत्सद्देगिरी केली. मागच्या दाराला आतून कडी घातली.

दुपारी काशी आली. काशी म्हणजे शेजारीण. दोघी एकत्र मासळी सुकवायच्या आणि एकत्र विकायच्या. हातात नेहमीची कालवणाची वाटी. दार ढकललं, तर बंद. दिवसाढवळ्या मागच्या दाराला कडी, याचे हर्ण्यात दोनच अर्थ होतात: घरात मयत, नाहीतर मनात भांडण. आतून गंगाराम खोकताना ऐकू येत होता, म्हणजे मयत नव्हतं. काशी वाटीसकट परत गेली.

शकू आत केस विंचरून, पुढच्या दाराकडे कान लावून बसली होती.

संध्याकाळी बंदरावर लिलाव सुरू झाला. शकू रोजच्यासारखी काशीला खेटून उभी राहिली. काशी जरा सरकली.

"बऱ्या आहात ना?" काशीने विचारलं.

शके, भवाने, मेले. काशीने आजवर तिला काय काय म्हटलं होतं. 'आहात' कधी म्हटलं नव्हतं. एवढा मान माणूस परक्याला देतो, नाहीतर वैऱ्याला.

त्यानंतर काशी आली नाही. गंगारामला आधी त्याची खबर ताटात लागली.

"कालवण कुठं गेलं?" तो म्हणाला. "तुझ्या पाखरानं खाल्लान वाटतं."

शकूने कडी काढली. तरी काशी फिरकली नाही. बेल होती, दार होतं, केस सारखे होते. येणारं माणूस तेवढं नव्हतं.

शेवटी काशी वाळूवर जवळा सुकायला पसरत असताना शकूने तिला गाठलं.

"काशे, मला अहोजाहो नको करू. त्यापरीस शिव्या घाल."

"मग कडी कुणासाठी घातलीस?"

"माझ्यासाठी गो. कोण आलं की जरा केस सारखे करायचे होते. आतून 'कोण?' म्हणून विचारायचं होतं. मला कधी कुणाला 'कोण' विचारायलाच मिळालं नाय."

काशी बघतच राहिली. "माझ्यापुढं केस सारखे? तुझ्या बाळंतपणाला मी होते, भवाने!"

"म्हणून तर."

काशीने मूठभर जवळा उगाच इकडचा तिकडे केला. पण 'भवाने' तर म्हणाली होती. शकूचा जीव निम्मा भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचं दार धाडकन उघडलं. काशी आत आली. वाटी ओट्यावर ठेवली. शकूकडे न बघता ती स्वयंपाकघरातून माजघरात गेली, माजघरातून पुढच्या दाराशी. कडी काढली, बाहेर पडली आणि दार मागे ओढून घेतलं. खाटेवरचा गंगाराम उठून बसला.

मग पाखरू बोललं.

शकू उठली. बाहेर कोण आहे, हे तिला ठाऊक होतं, गंगारामला ठाऊक होतं, मांजरालाही ठाऊक होतं. तरी तिने हात पुसले. आरशापुढे उभी राहिली. टिकली मध्यावर आणली. केसांवरून पाण्याचा हात फिरवला. घाई केली नाही.

"उघड की गो!" बाहेरून आवाज आला. "उन्हात सुकट करतंस काय माझी?"

शकू दाराशी गेली. घसा साफ केला.

"कोण?"

हा प्रश्न काशीलाही आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"काशी," ती म्हणाली. मग जरा थांबून, खणखणीत, "काशीबाई चोगले."

शकूने दार उघडलं. उंबऱ्याबाहेर काशी ताठ उभी होती. पदर तिने दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला होता आणि कपाळावर आलेली बट कानामागे खोवली होती.