‘विषय सोडून’ची लाल पाटी

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे. वहीचं नव्हे आणि पिंपळाचंही नव्हे. द्राक्ष बागायतदारांच्या एका संकेतस्थळावरचं. २००४ साली नाशिकच्या कॉलेज रोडवर राहणाऱ्या हर्षलने ते संकेतस्थळ उघडलं. दिंडोरीकडचे बागायतदार सायबर कॅफेत बसून तिथं छाटणीचं, फवारणीचं विचारायचे आणि जाणती मंडळी उत्तरं द्यायची.

पण माणसं बोलायला लागली की नुसत्या द्राक्षांवर थोडीच थांबतात! कुणी सोयरीक विचारी, कुणी उखाणा मागे, मोहाडीचा सहादू तर रोज नवा विनोद टाकी. मुख्य पानावरच्या जाणत्यांनी नाकं मुरडली, म्हणून हर्षलने मला जन्माला घातलं. नाव ठेवलं ‘विषय सोडून’. अवांतर काही दिसलं की ते उचलून माझ्याकडे टाकायचं आणि त्यावर त्याच नावाची लाल पाटी चिकटवायची, हा नियम. मला आनंदच झाला. रोज संध्याकाळी माझ्याकडे गप्पांचा फड रंगायचा. जाणते मला उकिरडा म्हणत, ‘आम्ही तिकडे पाऊल टाकत नाही’ असं ऐटीत लिहीत. तेही मी ऐकून घेतलं.

मात्र एका ऑक्टोबरातली गोष्ट आठवली की मला तळपाय नसूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

दिंडोरीजवळच्या पुंजाची बाग लहान. त्याची कॉलेजात जाणारी लेक रोशनी त्याचे प्रश्न कॅफेतून लिहायची. त्या दिवशी तिने मुख्य पानावर लिहिलं, की काल ताईला बघायला पाहुणे आले होते, पोहे आवडले म्हणाले, गाय व्यायली. हर्षलने तेवढंच वाचलं आणि तो मजकूर उचलून माझ्याकडे फेकला. पाटीसकट!

शेवटच्या ओळी त्याने वाचल्याच नाहीत. त्या अशा होत्या: ‘आबांनी सकाळी किडीचं औषध फवारलं. तवापासून लय घाम येतोय, दोनदा उलटी झाली, तोंडाला लाळ सुटलीय. ऊन लागलं म्हणून आईनं लिंबूपाणी दिलंय. ऊनच असंल ना?’

शेजारच्या पानावर त्याच वेळी चार जाणते द्राक्षमण्यांच्या आकारावरून हुज्जत घालत होते. औषधांची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ! एकानेही माझ्याकडे डोकावून पाहिलं नाही. मी ओरडणार कसं? पानाला तोंड कुठे असतं?

सुदैवाने विनोद टाकायला सहादू आला. त्याच्या भावाला पूर्वी असंच झालं होतं. त्याने विनोद गुंडाळून ठेवला आणि लिहिलं, ‘पोरी, ऊन नाय ते, औषध अंगात गेलंय. उठ! घरी जाऊन अंगावरचे कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा संगं घ्या. मी जीप घेऊन निघालोच.’

पुंजाला नाशिकच्या दवाखान्यात पोचवलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

यावर हर्षलने काय लिहावं? ‘महत्त्वाचं असेल तर पहिल्या ओळीत लिहावं.’ अरे, तू कुठल्या गावचा? आपल्याकडे माणूस आधी पोराबाळांचं, गुराढोरांचं बोलतो आणि उंबऱ्यात चपला घालता घालता म्हणतो, ‘बरं, एक सांगायचंच राहिलं.’ तेच ऐकायचं असतं!

गप्पांना वेगळी खोली असावी का, असं मला विचाराल, तर खुशाल असावी. कामाचा प्रश्न उखाण्यांत हरवू नये, हे मलाही पटतं. पण मित्रांनो, कुणाला त्या खोलीत धाडण्याआधी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. आणि शहाण्यांनीही तिथं अधूनमधून येऊन बसावं.

आता इथं कुणी फिरकत नाही. मुख्य पानही ओस पडलंय. पुंजा बरा होऊन घरी आला, तेव्हा रोशनीने मुख्य पानावर एकच ओळ लिहिली होती: ‘आबा घरी आले, सगळ्यांचे आभार.’

त्यात द्राक्षांचं काही नव्हतं, म्हणून हर्षलने तीही माझ्याकडे पाठवली. ती अजून माझ्यापाशी आहे. तुमच्यापैकी कुणी कधी आलात, तर तिच्यावरची ती लाल पाटी तेवढी काढा.