चिद्घनबुवा आणि वर चढणारं इंजिन ऑईल

कतारमधल्या अल वक्राला गोविंदराव घोरपड्यांच्या व्हिलाच्या अंगणात त्या संध्याकाळी इतकी गर्दी होती, की चपलांचा ढीग फाटक ओलांडून फुटपाथवर गेला होता. दिवाळी नुकतीच झालेली, उकाडा एकदाचा उतरलेला. अंगणाच्या मधोमध एक पांढरी एसयूव्ही, बॉनेट उघडं, आरशांना झेंडूच्या माळा. आणि त्या उघड्या इंजिनासमोर रेशमी उपरणं सावरत चिद्घनबुवा उभे. हातात तेल मोजायची पट्टी.

"मंडळी, अर्ध्या तासापूर्वी तेल कुठं होतं?"

"खालच्या खुणेला!" अंगण गरजलं.

"आणि आता?"

पट्टी वर गेली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाईल उचलले.

"ओतलं का कुणी?"

"नाही!"

"मग आलं कुठून?"

"कृपेनं!"

मी पेटीवर होतो. दोहात कीर्तन क्वचित कानावर पडतं, त्यामुळे कुणी बुवा आले असं कळलं की मी पेटी उचलून धावतो. कीर्तनानं माणसाच्या मनातला मळ धुतला गेलेला मी पाहिला आहे. गाडीच्या चेंबरात तेल भरलं गेलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. तेव्हा कतारातल्या फुटबॉल वर्ल्ड कपला तीन वर्षं उरली होती. सगळा देश उकरून ठेवलेला, आज होता तो रस्ता उद्या नाही. आपली तरुण पोरं स्टेडियमच्या, मेट्रोच्या, पुलांच्या कामांवर. रोजची जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरची रपेट. सगळ्यांनी हौसेनं नव्या गाड्या घेतलेल्या, आणि त्यातल्या काही नव्याकोऱ्या गाड्या तेल प्यायच्या. सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार केली, की काउंटरवरचा माणूस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचा, "नॉर्मल है, सर." किती नॉर्मल? कुठवर नॉर्मल? ते तो सांगायचा नाही आणि आपले लोक विचारायचे नाहीत. कॉफी फुकट मिळते, ती पिऊन परत यायचे.

त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या भोकातून चिद्घनबुवा आत शिरले. व्हिजिट व्हिसावर.

"जुन्या इंजिनात लोखंड होतं," बुवा निरूपण करायचे, "नव्या इंजिनात कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर आला की अहंकार आला. अहंकार आला की तो आतल्या आत ओलावा पितो! मग कंपनीवाला काय म्हणतो? नॉर्मल आहे! अरे, पिशाच्च कधी म्हणेल का, मी पिशाच्च आहे?"

टाळ्या. इंजिनिअरांच्या टाळ्या, हे लक्षात घ्या.

विधी ठरलेला. गाडी थेट रस्त्यावरून धावत यायला हवी, 'अग्नी चेतलेला' हवा. इंजिन बंद झाल्याबरोबर बुवा पट्टी ओढणार आणि तेल खाली गेल्याचं सगळ्यांना दाखवणार. मग चमचाभर 'स्नेहामृत' इंजिनात सोडणार, छोट्या बाटलीतलं, दक्षिणा ऐच्छिक, पाकीट मात्र आधी. मग पूर्वरंग. मध्यंतरात बुवांना हार-बुक्का झाला, की पट्टी पुन्हा बाहेर. तेल वर! ज्या गाड्यांना पट्टीच नसते, तेल स्क्रीनवर दिसतं, त्यांना हात लावायला बुवांचा साफ नकार. "त्या गाड्या नास्तिक आहेत."

आणि वर नेम: कार्तिक संपेपर्यंत गाडीत बाहेरचं तेल घालायचं नाही, आणि बुवांवाचून कुणी पट्टी उपसायची नाही. उपसलीत, की अनुष्ठान मोडलं.

ती पांढरी एसयूव्ही सागरची. सागर नाशिकचा, अल खोरच्या स्टेडियमवर स्ट्रक्चरल इंजिनिअर, गोविंदरावांच्याच कंपाउंडमध्ये राहतो. हुशार मुलगा. त्याची बायको गौरी तेव्हा सातव्या महिन्यात होती.

बरेच दिवस गेले आणि एका गुरुवारी संध्याकाळी गौरी आमच्याकडे आली. माझी बायको उल्का इथल्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवते. ती पेपर तपासत बसली होती.

"काकू, एक विचारू? वळणावर गाडीत लाल दिवा लागतो. किटलीसारखं चित्र असतं. क्षणभर लागतो, मग विझतो."

उल्काचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"चारेक दिवस. सागर म्हणतो घाबरू नको. बुवांनी सांगितलंय, विघ्न बाहेर पडताना लुकलुकतं."

"विघ्न लुकलुकतं," उल्का माझ्याकडे बघून म्हणाली. "ऐकताय ना तुमच्या कीर्तनकारांचं?"

"माझे कुठले?" मी म्हणालो.

"अगं गौरी, वळणावर तेल एका बाजूला सरतं. पंपाला मिळत नाही, म्हणून दिवा लागतो. म्हणजे आत तेल उरलंच नाहीये. एकशे वीसच्या वेगात इंजिन जाम झालं तर? तो रोज त्याच गाडीनं जातो?"

"रोज. परवा मलाही तपासणीला त्याच गाडीनं दोहाला नेणार आहे."

उल्कानं सागरला फोन लावला. तो फार आदरानं बोलला आणि तसूभरही हलला नाही. "काकू, मी बाबा-बुवांच्या नादी लागणारा नाही. पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी खाली, नंतर वर. ही श्रद्धा नाही, ऑब्झर्वेशन आहे!"

"मग उद्या एकदा पट्टी काढून बघ. कर ऑब्झर्वेशन."

"कार्तिक संपू दे ना काकू. आता थोडक्यासाठी कशाला मोडायचं?"

फोन ठेवून उल्का म्हणाली, "अडाणी असता तर ऐकलं असतं. हा मोजमाप बघून फसलाय." मग अचानक मला विचारलं, "कीर्तन कसं होतं हो? खरं सांगा, भक्तीबिक्ती बाजूला ठेवून."

"पसरट. एकच दृष्टांत तीनदा. आणि दर वेळी मला बोटानं खूण, अजून एकदा घ्या, अजून एकदा घ्या. रंग चढला म्हणून कुणी पद लांबवलं तर ते कळतं गं. हा वेळ काढत होता."

"वेळ!" उल्का उठलीच. "गाडीची किल्ली द्या."

आम्ही गाडी समुद्रापर्यंत फिरवून आणली आणि खाली पार्किंगमध्ये बराच वेळ बसलो. वर आलो तेव्हा ती गालातल्या गालात हसत होती. म्हणाली, "उद्या शुक्रवार. सुट्टी आहे, सागरची गाडी दारातच उभी राहील, तिला हलवू द्यायची नाही एवढं गौरीला सांगते. उद्याच्या कीर्तनाला तुम्ही पेटी वाजवा, बुवा म्हणतील तितकी. मीही येते."

शुक्रवारी पाळी होती यजमानांच्या स्वतःच्या गाडीची. गोविंदराव गॅस कंपनीत मॅनेजर; कंपनीत पंपाचा प्रेशर गेज दोनदा तपासल्याशिवाय सही करायचे नाहीत, घरी मात्र हातात आरतीचं ताट. गाडी एक फेरी मारून आली, बुवांनी पट्टी ओढली. तेल खाली. हळहळ झाली. तेवढ्यात फाटकातून आमची गाडी आत आली आणि शेजारी उभी राहिली.

"बुवा, माझीही मोजा," उल्का उतरत म्हणाली. "आत्ताच हायवेवरून येतेय. अग्नी चेतलेला आहे."

बुवांनी मोजली. खाली. "स्नेहामृत?"

"नको. चमच्याशिवायच राहू दे."

बुवा गर्दीकडे वळून हसले. "मंडळी, शंका घेणाऱ्याची पट्टी चढत नसते. बघालच!"

पूर्वरंग सुरू झाला. तोच दृष्टांत, त्याच जागी तोच हुंदका, मला तीच बोटाची खूण. मी इमानानं वाजवत राहिलो. देवाचं नाव घेताना बुवांची नजर मनगटावरच्या घड्याळावर जायची, आणि ते बघून माझी बोटं स्वरांवरून घसरायची. ज्या व्यासपीठावर उभं राहून माणसं जागी करायची, तिथं हा माणूस घड्याळाचा काटा सरकायची वाट बघत होता.

मध्यंतर झालं. हार, बुक्का. गोविंदरावांची पट्टी निघाली. तेल वर! जयघोष झाला.

"आता माझी," उल्का म्हणाली.

गोविंदरावांनीच पट्टी ओढली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हिच्यातही वर आहे की!"

बुवांनी उपरणं सावरलं. "अहो, नामाचा वर्षाव झाला, त्याचे शिंतोडे शेजारच्या गाडीवर उडणारच! ताई, तुमच्या नकळत तुमचं कल्याण झालं!"

लोक पुन्हा टाळ्या वाजवणार, इतक्यात उल्कानं फोन स्पीकरवर टाकला. "अनंतराव, बोला."

अनंतराव आमचे मित्र. "मी इथं समुद्राकाठी, वहिनी. गाडी फिरवून आणली, बंद केली, पट्टी बघितली, खाली होती. मग आत बसून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली. आत्ता बघतोय तर वर आलीये. आणि आपली एक विकेट गेली."

पहिल्यांदा बायका हसल्या. मग सगळेच.

"तिथवर शिंतोडे उडाले का हो बुवा?" मागून कुणीतरी विचारलं.

"थट्टा नको!" बुवा कडाडले. "हे शास्त्र आहे!"

"शास्त्रच आहे," उल्का शांतपणे म्हणाली. "दिवाळीत चकल्या तळल्यात ना सगळ्यांनी? झाऱ्यावर काढल्यावर तेल कुठं जातं? निथळून परत कढईत. कढईतलं तेल वाढलं म्हणून कुणी नमस्कार करतं का? चालत्या इंजिनात पंप तेल वर फेकतो, ते सगळ्या भागांना लागून राहतं. बंद केल्याबरोबर मोजलंत, की खालच्या टाकीत कमी दिसतं. थोडा वेळ थांबलात, की सगळं निथळून खाली येतं आणि पट्टीवर वर दिसतं. बुवांनी तेल वाढवलं नाही. तुम्हाला थांबवलं फक्त. म्हणून गाडी तापलेलीच लागते, आणि म्हणून पूर्वरंग इतका लांबतो."

सागर पुढे आला. कान लाल झालेले. "पण काकू, माझी गाडी त्यानंतर एवढी चालली..."

"तेच बघू या. कालपासून उभी आहे ना? आता निथळायचं काही उरलेलं नाही. बुवा, करा हिचं तेल वर."

"थंड इंजिनात दैवत येत नाही," बुवा उपरणं गोळा करत म्हणाले. "आणि नेम मोडेल! त्या मुलीनं पट्टीला हात लावू नये!"

गौरी तोवर फाटकाजवळच्या गाडीशी पोचली होती. बॉनेट उघडायला गोविंदरावांनी मदत केली. तिनं पट्टी ओढली, कागदाला पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा ओढली आणि मोबाईलच्या उजेडात धरली. खालच्या खुणेला तेल नव्हतं. खुणेच्या खालीही नव्हतं. पट्टी टोकापर्यंत कोरडी.

"बघा! नेम मोडला असणार तुम्ही लोकांनी!" बुवा ओरडले. "त्याचंच फळ!"

गौरी वळली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "नाही मोडला बुवा. एक थेंब तेल घातलं नाही त्यानं, एकदा पट्टी काढली नाही. तुमचा नेम पाळला म्हणूनच ही कोरडी आहे."

सागर तिथंच फुटपाथवर बसला, चपलांच्या ढिगाशेजारी. "उद्या सकाळी तुला घेऊन निघणार होतो गं," एवढंच म्हणाला. गौरी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण किल्ली मात्र त्याच्या खिशातून काढून घेतली.

गोविंदरावांनी आरतीचं ताट खाली ठेवलं. "बुवा, यल्ला, निघा आता," ते म्हणाले, "तुम्हाला हॉटेलवर सोडायला टॅक्सी बोलावतो. गाडी देत नाही, तेलाचा भरवसा नाही."

बुवा गेले. हार गळ्यात तसाच. उत्तररंग झाला नाही. गोविंदरावांनी विचारलं म्हणून मी पेटीवर एक भजन घेतलं आणि लोक ते मन लावून म्हणाले, कारण आता कुणाचं लक्ष पट्टीकडे नव्हतं. गाडी दुसऱ्या दिवशी टोईंगवर सर्व्हिस सेंटरला गेली, सोबत उल्का आणि गौरी. काउंटरवरच्या माणसानं "नॉर्मल है" म्हटलं. गौरीनं विचारलं, "कितना?" त्याची नजर पहिल्यांदा स्क्रीनवरून उठली. मग त्यानं तेल भरून, झाकण सील करून, ठरावीक अंतर चालवून पुन्हा मोजायचं कबूल केलं. मोजलं, तेल फारच उतरलेलं निघालं, आणि कंपनीनं वॉरंटीत पिस्टनच्या रिंगा बदलून दिल्या.

तेव्हा मायबाप वाचकहो, साधी गोष्ट आहे. नव्या गाड्यांत तेल पातळ असतं, रिंगा हलक्या असतात, टर्बो तापतो. थोडं तेल जळणं खरंच नेहमीचं आहे. पण 'थोडं' म्हणजे किती, हे मोजूनच कळतं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थांबा, दर वेळी त्याच पद्धतीनं मोजा, कमी असेल तर घाला, फार कमी होत असेल तर भांडा. लाल दिवा लागला तर गाडी जागच्या जागी थांबवा. 'नॉर्मल आहे' म्हणणारा आणि 'चमत्कार आहे' म्हणणारा, दोघांनाही तुमच्याकडून एकच हवं असतं: तुम्ही पुढचा प्रश्न विचारू नये.

देवाला मी मानतो, आणि मानतो म्हणूनच सांगतो. ज्यानं डोळे दिले आणि त्यामागं बुद्धी दिली, त्याला तुम्ही ती वापरलेली पाहून राग येईल, असं ज्या बुवाला वाटतं, त्याला देव कळलेला नाही. त्याच्यासाठी टाळ्या वाजवू नका. आणि जो खरा कीर्तनकार असेल, त्याला भर कीर्तनात उभं राहून प्रश्न विचारा. तो रागावणार नाही. तो टाळ खाली ठेवील आणि तुमचं ऐकून घेईल.