सोमवारपर्यंत

कॉलेजच्या आवारात नीला खांबेटे गाडी लावत होती, तेवढ्यात सुधीरचा फोन आला. सुधीर मुंबईच्या ऑफिसात बसायचा आणि राहनाळच्या गोदामाचं सगळं शेवटी त्याच्याच हातात होतं. त्याने आडवळण न घेता सांगितलं. राहनाळचं गोदाम बंद होणार, काम वापीला जाणार. माणसांना सोमवारी सांगायचं. शनिवार-रविवारी सणाच्या ऑर्डरींचे ट्रक भरायचे आहेत, तोवर कुणाला कुणकुण लागता कामा नये. लागली तर अर्धी माणसं उद्याच येणार नाहीत.

"तुझी काळजी करू नकोस," तो म्हणाला. "तुला मुंबईत घेतोय."

समोरून कॉमर्सच्या बाई हात करत येत होत्या. नीलाने "ठीक आहे सर" म्हणून फोन ठेवला आणि साडीची घडी सारखी करत खाली उतरली.

याच कॉलेजात ती शिकली होती. वडील इथल्याच शाळेत मास्तर. गोदामात मालाच्या नोंदी करणारी मुलगी म्हणून ती लागली आणि आता त्या गोदामाची मुख्य होती. म्हणूनच तिला बोलावलं होतं. करिअर कसं घडवावं, माणसं कशी सांभाळावी, असा विषय. एरवी तिला अशी भाषणं आवडायची. आज बोलताना तिचं लक्ष सारखं हॉलच्या दाराकडे जात होतं. तयार केलेलं भाषण तोंडातून आपोआप येत होतं. पहिल्या नोकरीत धरसोड करू नका. हाताखालच्या माणसाचं नाव लक्षात ठेवा. माणसं पगारासाठी येतात, पण विश्वासावर टिकतात. हे शेवटचं वाक्य म्हटलं आणि ती पाणी प्यायली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. नाव अफीफा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला नीलाची ओळख करून देणारी मुलगी तीच.

"मॅडम, माझा भाऊ अफनान तुमच्याच गोदामात डिस्पॅचला आहे," ती म्हणाली. "त्याला पडघ्याला एका ठिकाणी सुपरवायझर म्हणून बोलावलंय. आज दुपारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. पगार थोडाच जास्त आहे. तो म्हणतो, इथे खांबेटे मॅडम आहेत, मी इथेच बरा. तुम्ही त्याला काय सांगाल?"

हॉलमध्ये हसू पसरलं. कॉमर्सच्या बाईही कौतुकाने नीलाकडे बघू लागल्या. नीलाने माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सगळे थांबले होते. ज्याचा निर्णय त्याने घ्यावा, असं काहीतरी ती आधी म्हणाली. पण मुलगी बसेना. तिला उत्तर हवं होतं.

"जिथे आपल्या कामाची ओळख आहे," नीला शेवटी म्हणाली, "ती जागा घाईने सोडू नये."

पुन्हा टाळ्या. अफीफाने मान हलवली, भावाची जेवणाची सुट्टी सुरू झाली असेल म्हणाली आणि फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. उघड्या दारातून ती बोलताना दिसत होती. मोकळा हात हलवत, हसत, भावाला काहीतरी समजावत होती. नीलाला पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही. तो दुसऱ्यांदा विचारावा लागला.

नंतर शाल, श्रीफळ, चहा, वडे झाले. प्राचार्य बराच वेळ काहीबाही सांगत राहिले. तिने वडा तसाच ठेवला आणि राहनाळला काम आहे म्हणून निघाली.

कल्याण नाक्याच्या पुढे गाडी अडकली. पुढे कापडाचे तागे लादलेला टेम्पो, बाजूला रिक्षा, मागून हॉर्न. तिने काच खाली केली, वर केली. अफनानचा चेहरा तिला नीट आठवत होता. उंच, मान किंचित वाकवून चालणारा. गोदामात एकदा रॅक कलला तेव्हा त्यानेच ओरडून खालच्या माणसांना बाजूला काढलं होतं. त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं.

तिने सुधीरला फोन लावला. आजच सांगू या, म्हणाली. माणसं समजून घेतील, ट्रक भरून देतील, मी स्वतः उभी राहते. सुधीरने शांतपणे ऐकून घेतलं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, दोन दिवसांत कुणाचं काय बिघडतंय, असं त्याने विचारलं. त्याला मीटिंग होती.

वाहतूक जरा सरकली तशी नीलाने गाडी वळवली. वळण चुकीच्या जागी होतं. एका ट्रकवाल्याने हिंदीतून शिवी दिली.

कॉलेजात अफीफा नव्हती. बाईंनी तिचा नंबर दिला. तो लागत नव्हता. मग त्यांनी घराचा पत्ता सांगितला. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि नीलानेही सांगितलं नाही. तिने गाडी मुख्य रस्त्यालाच लावली आणि गल्लीत चालत शिरली. दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. घाईघाईत निघाल्यामुळे कॉलेजची शाल अजून तिच्या खांद्यावरच होती. लोक बघत होते. तिने ती काढून पिशवीत कोंबली.

दार अफीफाच्या आईने उघडलं. नसीबा त्यांचं नाव. अफनानच्या मॅडम म्हटल्यावर त्यांना कुठे बसवू आणि कुठे नको असं झालं. त्यांनी खुर्ची पुसली, सरबत करायला आत गेल्या. अफीफा पडदा सारून बाहेर आली आणि नीलाला बघून गोंधळली.

नीला बसली नाही. "अफनानला पडघ्याची नोकरी घ्यायला सांग," ती म्हणाली. "आपलं गोदाम बंद होतंय. सोमवारी सांगणार आहेत."

अफीफाने लगेच फोन हातात घेतला. अफनानचा लागणार नव्हता. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचे, हा नीलानेच घालून दिलेला नियम होता. मग तिने पडघ्याला फोन केला. तिकडचा माणूस सभ्यपणे बोलला. तुमच्या भावाने जेवणाच्या सुट्टीत नाही म्हणून कळवलं, आम्ही दुसऱ्याला बोलावलं, तो निघालासुद्धा, असं त्याने सांगितलं. अफीफाने आभार मानून फोन ठेवला.

"मघाशी हॉलमध्ये तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही मला तसं सांगितलंत."

आतून नसीबा ग्लास धूत असल्याचा आवाज येत होता. या एका घरी सांगून टाकलं की जीव जरा थाऱ्यावर येईल, असं नीलाला वाटेत वाटलं होतं. पण तसं काही होईना. उलट ती अफीफाला म्हणाली की हे तुमच्या घरापुरतंच ठेव, सोमवारपर्यंत.

अफीफा म्हणाली, "माझ्या मैत्रिणीचे अब्बा तिथे आहेत. समोरच्या घरातले दोघं आहेत. मी कुणाला सांगणार नाही, मॅडम. पण मग तुम्ही सांगा."

सरबत आलं. नीला ते उभ्यानेच प्यायली, कारण नसीबा समोर उभ्या होत्या आणि त्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं.

ती राहनाळला पोचली तेव्हा शिफ्ट बदलत होती. एक पाळी बाहेर पडत होती, दुसरी आत येत होती, दोन्हीकडची माणसं आवारात होती. यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती. तिने गाडीतूनच सुधीरला फोन करून सांगितलं की मी आत्ता सगळ्यांना सांगतेय.

"तू स्वतःची वाट लावून घेतेयस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्यच जास्त होतं. मग म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

ती माल चढवायच्या फलाटावर चढली. माईक नव्हता. पहिलं वाक्य मागे ऐकू गेलं नाही, तिला पुन्हा सुरुवात करावी लागली. गोदाम बंद होतंय, तिने सांगितलं. कधी, का, काम कुठे जातंय, हेही. त्यांच्यापैकी कुणाला तिकडे नेणार का, ते तिला ठाऊक नव्हतं, तेही तिने तसंच सांगितलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. तिने त्याचीच तयारी केली होती. दिघाशी गावचा दौलत, जुना लोडर, पुढे आला.

"मंग उद्या ड्युटी हाय का न्हाय?"

"उद्या आहे. ट्रक भरायचे आहेत. यायचं की दुसरीकडे काम बघायचं, ते तुम्ही ठरवा. मी उद्या नसेन."

मग प्रश्न सुरू झाले. फंडाचं काय, राहिलेल्या रजांचं काय, गाववाल्यांना नेणारी बस बंद होणार का. जितकं माहीत होतं तितकं तिने सांगितलं. काही लोक तिथूनच निघून गेले, काहींनी फोन काढले, काही सवयीने आत जाऊन खोकी उचलू लागले.

अफनान शेवटपर्यंत थांबला. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला. त्याला अफीफाचा फोन आलेला होता, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं.

"मॅडम, दुपारच्या आधी सांगितलं असतंत तर."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

तो मान वाकवून गेटाकडे निघून गेला.

शनिवार आणि रविवार नीला घरातच होती, पण एका जागी बसू शकली नाही. काल्हेर, माणकोली, पडघा, जिथे जिथे ओळख होती तिथल्या गोदामवाल्यांना ती फोन करत राहिली. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. सणाची गर्दी होती, माणसं सगळ्यांनाच हवी होती. दौलतचं जमलं. अफीफा म्हणाली होती ते समोरच्या घरातले दोघं, त्यांचंही जमलं. सोमवारी सगळे एकदम बाहेर पडले असते तर इतक्यांचं जमलं नसतं. काही जणांचं तरीही जमलं नाही. काल्हेरचा एक मॅनेजर शेवटी म्हणाला, तुमचं स्वतःचं काय मॅडम? तोवर तिच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

अफनानचं नाव तिने कुणाला सुचवायचं नाही, असा निरोप अफीफाने पाठवला. तो मामाच्या लूमवर जायला लागला, आणि पुढे उन्हाळ्यात त्याने आपली आपण दुसरी नोकरी मिळवली.

नीलाला मोठ्या कंपन्यांतून बोलावणी आली. आधीची नोकरी का सोडली, हे प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं. तिने प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं, आणि मग तिकडून फोन आले नाहीत. आता ती एका लहान ट्रान्सपोर्टवाल्याकडे काम बघते. ऑफिस छोटं आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, दिवसभर धूळ येते. मालक आत कुणाशी दबक्या आवाजात बोलायला लागला की तिचं हातातल्या कामावरून लक्ष उडतं. ती उठते, दार ढकलते आणि काय चाललंय ते सरळ विचारते. मालकाला ते आवडत नाही. पण अजून त्याने तिला तसं करू नकोस म्हणून सांगितलेलं नाही.