बी साइडची शेवटची सहा मिनिटं

जर्मन लोक मशिनं चांगली बनवतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन जर्मन होतं आणि वीस वर्षं कुरकुर न करता चाललं. पण या लोकांनी गाण्याच्या भानगडीत का पडावं हे मला आजवर कळलेलं नाही. बरं, पडले ते पडले, पण ते गाणं अबू हलीफातल्या माझ्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी का वाजावं?

वाजायचं ते रबियामुळे. रबिया माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहायची. श्रीवर्धनची, वय सव्वीस, आमच्याच दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन. मी नर्मदा, तिथलीच सिस्टर, फलटणची, वय चव्वेचाळीस. माझं लग्न राहून गेलं. बहिणींची केली, भावाचं केलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मी कुवेतमध्ये इंजेक्शनं देत होते. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाटलं तरी ते ऐकायला कोण बसलंय?

तर, मशीन तपासायला आलेला एक जर्मन इंजिनिअर डार्करूममध्ये एक कॅसेट विसरून गेला आणि ही पोरगी बिघडली. बँडचं नाव ड्राय फेन्स्टर. म्हणजे तीन खिडक्या, असं तिनेच मला सांगितलं. कव्हरवर तीन हडकुळे पुरुष, काळे कोट, प्रत्येकापुढे एक कीबोर्ड, आणि तिघांनाही बद्धकोष्ठ झाल्यासारखे चेहरे. तबला नाही, पेटी नाही, ठेकासुद्धा मशीनचाच. टुक टुक टुक टुक, मग त्यातला एक जण काहीतरी तक्रार करतो, मग पुन्हा टुक टुक. रबियाला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाणी सगळी तोंडपाठ. दार वाजवायची तेसुद्धा त्याच ठेक्यावर.

कहर म्हणजे ती फिल्मही गाण्यावर धुवायची. आमच्या डार्करूममध्ये सगळं हाताने चालायचं. लाल दिव्यात टेप लावायची, पहिलं गाणं संपलं की फिल्म डेव्हलपरच्या पाण्यातून काढायची, घड्याळाकडे बघायचं नाही. नव्या अल्बममधलं पहिलं गाणं निघालं सात मिनिटांचं, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीचा एक्स-रे कोळसा होऊन बाहेर आला. डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं पाणी गरम होतं. असं तिला पाठीशी घालत घालत मी तीन वर्षं काढली. घरी आणून मग मनसोक्त झापायची. ती 'हो ताई, हो ताई' म्हणायची आणि माझ्याच कपातला चहा प्यायची.

कॅसेटी ती फहाहीलच्या एका दुकानातून भरून आणायची. दुकान सांभाळायचा सर्फराज, हर्णैचा पोरगा, तिशीतला, अंगाने बारीक, मान कायम खाली. तेव्हा कुवेतमध्ये अशीच पद्धत होती. तुम्ही अल्बम सांगायचा, दुकानदार कोऱ्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. अल्बम संपला तरी प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटं टेप उरायची, आणि ती कोरी सोडणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं. मग तो विचारायचा, 'उरलेल्या टेपवर काय भरू?' कुणी गझल सांगायचं, कुणी भजन, कुणी म्हणायचं तुमच्या मर्जीने भरा. रबिया नेहमी मर्जीवर सोडायची, कारण ती ते ऐकायचीच नाही. ड्राय फेन्स्टरचं शेवटचं गाणं संपलं की खटकन टेप मागे. त्यांच्या गाण्यानंतर दुसरं काही कानावर पडलं तर म्हणे तोंडाची चव जाते.

तरी कॅसेट आणायला जाताना ओठाला लिपस्टिक लागायची. मी विचारलं, 'जर्मनांसाठी नटलीस का?' तर म्हणाली, 'ताई, तुमचं काहीतरीच.'

१९९० सालच्या जुलैची तेरा तारीख, शुक्रवार, सुट्टीचा दिवस. मी भाकरीचं पीठ मळत होते. रबिया खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणायला खाली गेली, आणि खाली कुणी भेटलं की तिचे पाय जमिनीला चिकटतात. टेप चालूच. शेवटचं गाणं संपलं. माझे हात पिठात, बंद कोण करणार? जरा वेळ खरखर झाली आणि मग माझ्या पाठीमागे एक पुरुष खोकला. मी उलथनं घेऊन वळले. बाई एकटी, दार उघडं, काय वाटेल सांगा. मग तो पुरुष टेपमधून म्हणाला, 'रबिया, मी सर्फराज. दुकानातला.'

जसा काही तिला दहा सर्फराज माहीत होते.

पुढचं मी हातातलं पीठ वाळेपर्यंत ऐकलं. 'काउंटरवर चार माणसं उभी असतात, तुमच्याशी बोलता येत नाही, म्हणून इथे बोलतोय. तीन ऑगस्टला माझं विमान आहे. घरच्यांनी मुलगी बघून ठेवलीय. मला ते लग्न करायचं नाही. मला तुमच्याशी करायचंय. हो असेल तर तीन तारखेच्या आत दुकानात येऊन तेवढं सांगा. काही बोलला नाहीत तर मी नाही समजेन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. रागावू नका.' मग पुन्हा खोकला. मग उरलेल्या जागेत त्याने एक गझल भरली होती. दुकानदार तो दुकानदारच, टेप वाया कशी घालवेल.

मी हात धुतले आणि तिच्या बाकीच्या कॅसेटी काढून शेपटं ऐकली. पहिलीत नुसता घसा साफ केला होता. दुसरीत म्हणाला होता, हा बँड मलाही आवडायला लागलाय. साफ खोटं, तो बँड शुद्धीवरच्या कुणालाही आवडणार नाही. तिसरीत आईचं गुडघ्याचं दुखणं, भावाची होडी, हर्णैचं घर, सगळं सांगून टाकलं होतं. पोरगा सहा महिने टेपच्या शेपटाशी बसून बोलत होता आणि ही बया प्रत्येक वेळी खटकन मागे फिरवत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाहीस? हाताखालच्या पोरींना, डॉक्टरांना, लिफ्टवाल्याला, सगळ्यांना तोंडावर सांगणारी मी. खुबूस घेऊन रबिया वर आली तेव्हा ओठावर आलं होतं. ती म्हणाली, 'ताई, भाकरी अजून नाही? पीठ मळता की पिठाशी गप्पा मारता?' आणि मी ते गिळलं. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी म्हटलं, उद्या.

त्या आठवड्यात ती दुकानात जाऊन आली आणि गप्प बसली. मी विचारल्यावर म्हणाली, 'सर्फराज नीट बोलत नाही आता. मान वरच करत नाही. माझं काही चुकलं का?' मला माहीत होतं तो मान का वर करत नाही. तो तिच्या तोंडावर उत्तर शोधायला भीत होता आणि तिला प्रश्नच माहीत नव्हता. मी काय म्हणाले? म्हणाले, 'दुकानदार लोक असेच असतात.' खरं सांगते, स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली. पण सांगितलं नाही.

ऑगस्टच्या एक तारखेला मात्र ठरवलं. उद्या गुरुवार, उद्या सकाळी सांगायचं. हातात अजून एक दिवस होता.

उद्या सकाळी इराकचे रणगाडे आले.

विमानतळ बंद, फोन बंद, रस्त्यावर सैनिक. सर्फराजचं विमान सुटायचं राहिलं ते राहिलंच. मला एक नवीन सबब मिळाली, अशा दिवसांत लग्नाच्या गोष्टी कोण करतं? दवाखाना निम्मा रिकामा झाला, औषधं संपली, आम्ही तांदूळ मोजून शिजवायला लागलो. आणि रबिया त्या सगळ्यात तिचे तीन खिडक्यांवाले लावून बसायची. एरवी मी आवाज कमी कर म्हणून ओरडले असते. त्या दिवसांत मीच म्हणायचे, लाव.

सप्टेंबर लागला तेव्हा आमच्या इमारतीतल्या अकबरभाईंनी बसची यादी करायला घेतली. बसरा, बगदाद, अम्मान, आणि तिथून मुंबईचं विमान. मी दोघींची नावं दिली आणि सहज विचारलं, कॅसेटच्या दुकानातला सर्फराज यादीत आहे का? अकबरभाई म्हणाले, 'तो येत नाही म्हणतो. मालक सुट्टीवर गेला तो तिकडेच अडकला, दुकान कुणाच्या भरवशावर टाकू म्हणतो. मी खूप समजावलं. म्हणाला, घरी जाऊन तरी काय करू.'

दुकानात राखण्यासारखं काय उरलं होतं? सैनिकांनी सगळं लुटून नेलं होतं. म्हणजे हा पोरगा रिकाम्या फळ्या राखत मागे राहणार होता, इथे जे काय होईल ते अंगावर घेणार होता, कारण एका मुलीने त्याला नाही म्हटलं होतं. आणि तिने नाही म्हटलेलंच नव्हतं. ते मी म्हटलं होतं, तोंड बंद ठेवून.

मी अकबरभाईंना म्हटलं, त्याचं नाव लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'बघता काय, लिहा.'

वर आले. रबिया बॅग भरत होती. मी ती चौथी कॅसेट लावली, बी साइड, शेवटपर्यंत पुढे नेली आणि खुर्चीत बसले. तिने ऐकलं. 'दुकानातला' आला तेव्हा हसली. मग हसू गेलं. गझल सुरू झाल्यावर तिने बंद केलं आणि माझ्याकडे वळली.

'तुम्ही कधी ऐकलीत, ताई?'

'तेरा जुलैला.'

तिने बोटांवर मोजलं नाही, तरी मला दिसलं ती मोजतेय.

'पन्नास दिवस,' ती म्हणाली. 'आणि मी तुम्हाला विचारत होते माझं काय चुकलं.'

माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. ड्यूट्या होत्या, रणगाडे होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. 'तू गेलीस तर मी घरी येऊन कुणावर ओरडू?'

 तिने माझी बॅग ओढली, माझे गणवेश घडी करून आत ठेवले, चेन लावली, आणि सकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बस त्याच सकाळी आठला सुटणार होती. सातला आम्ही दुकानात. शटर अर्धं वर, आत सर्फराज स्टुलावर बसलेला, दाढी वाढलेली, आधीच बारीक तो आता काडी झालेला. आम्हाला बघून उभा राहिला आणि मान खाली.

रबिया म्हणाली, 'माझं हो आहे.'

त्याने मान वर केली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्याचे डोळे बघितले. चांगले होते.

'आता?' तो म्हणाला. 'मी जुलैभर वाट बघितली.'

'ऐकलीच नव्हती,' रबिया म्हणाली. 'माझी सवय वाईट आहे. गाणी संपली की मागे फिरवते. काल ऐकली.'

एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन वर्षं मी तिला पाठीशी घालत होते, असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि आता ती मला पाठीशी घालत होती, तेही माझ्याशी बोलत नसताना. मला ते सहन झालं नाही.

'तिने नव्हती ऐकली, मी ऐकली होती,' मी म्हटलं. 'पन्नास दिवसांपूर्वी. मी तिला सांगितलं नाही. ही मला सोडून जाईल म्हणून. तू रागाव, काय बोलायचं ते बोल, पण बसमध्ये बसल्यावर बोल. तुझं नाव यादीत आहे.'

बोलताना माझा आवाज फुटला, आणि मी रडत नाही हे सगळ्या फहाहीलला माहीत आहे.

सर्फराज पुन्हा स्टुलावर टेकला. मग म्हणाला, 'सिस्टर, मला वाटलं मी काहीतरी वाईट बोललो. रोज आठवून बघायचो, त्यातलं काय वाईट होतं.'

'काही वाईट नव्हतं,' मी म्हटलं. 'आईच्या गुडघ्यांचं जरा लांबलं. माफ कर मला.'

तो आत गेला, एक पिशवी घेऊन आला, शटर खाली ओढलं. रस्त्यात त्याने रबियाला हळूच विचारलं, बसमध्ये कुठे बसायचं. निकाह झालेला नाही, शेजारी कसं बसणार, लोक काय म्हणतील. रबियाने माझ्याकडे बोट केलं. 'ताई मधे बसतील,' ती म्हणाली. आदल्या संध्याकाळनंतर माझ्याबद्दल ती पहिल्यांदा काही बोलली होती.

मी बसले. खिडकीशी ती, कडेला तो, मधे मी. सीमेपर्यंत कुणी बोललं नाही. बसऱ्यानंतर ते माझ्या पुढून वाकून बोलायला लागले, हर्णैहून श्रीवर्धनला होडीने किती वेळ लागतो वगैरे, आणि मी दोघांनाही गप्प बसा म्हणाले, तर दोघंही हसले. बगदाद यायच्या आत दोघांना झोप लागली, तिचं डोकं माझ्या एका खांद्यावर, त्याचं दुसऱ्या. माझ्या पायांना मुंग्या आल्या, पाठ मोडून आली, पाण्याची बाटली समोर होती आणि तहान लागली होती. मी हलले नाही.