तीन वाट्या, एक वारूळ

गर्दी. श्रावणातला शनिवार. जूचंद्रच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, मधोमध वारूळ, वारुळाभोवती अळंबी. रांगेत मूल मागायला आलेल्या बायका. मीही.

वारूळबाबा अळंबीचं डोकं खुडायचे, काळ्या कापडावर ठेवायचे, वर पितळेची वाटी पालथी घालायचे. "बीज नाही, पेरणी नाही, तरी उगवते! रात्रभर देवी लिहील, सकाळी आपण वाचू!"

रविवारी वाट्या उघडल्या. माझ्या पुढच्या बाईच्या कापडावर फिकट गुलाबी चक्र, आऱ्यांसकट. ती रडली. जयजयकार.

माझं कापड कोरं.

"कूस बंद आहे," बाबा म्हणाले. "यंदा पोटात काही घातलंत तर मरून बाहेर येईल. पाच शनिवार या. कुलूप काढू."

मला काय वाटलं: काही नाही.

(इथे आधी गेलेल्या दोन गर्भांबद्दल एक वाक्य हवं. सुचत नाही.)

घर, वसई. दवाखान्यात आमचा शेवटचा गर्भ गोठवून ठेवलेला. मंगळवारी तो माझ्यात सोडायचा. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं.

"डॉक्टरांना सांग, पुढच्या वर्षी बघू," सासूबाई म्हणाल्या.

श्रीरंग, माझा नवरा, मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "आई म्हणते तर... रिस्क कशाला?"

शेजारच्या फेलिशिया टीचर आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "विनया, तुझ्यासाठी बाबांनी कुठली खुडली? उघडलेली छत्री की मिटलेली कळी?"

"मिटलेली. पुढच्या बाईला उघडलेली."

"बरं."

त्या बाजारात गेल्या, विकणारीकडून एकाच वारुळाची अळंबी मागून आणली. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन काळे कागद, त्यांवर स्टीलच्या तीन वाट्या. प्रत्येक वाटीवर नावाची चिठ्ठी: विनया, श्रीरंग, रुक्मिणीकाकी.

"माझं कशाला, टीचर?" सासूबाई.

"देवीला विचारू की, काकी. विचारायला काय जातं?"

सोमवार सकाळ.

माझी वाटी: कोरं. "बघा," सासूबाई पुटपुटल्या.

श्रीरंगची: चक्र.

सासूबाईंची: चक्र. सगळ्यांत ठसठशीत.

"अभिनंदन, काकी! सत्तरीत पाळणा हलणार. आणि श्रीरंगलाही दिवस गेलेत."

श्रीरंगने मोबाइल खाली ठेवला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की लाज, कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पण हिचंच कोरं का?"

"कारण तिच्या वाटीखाली मी मिटलेली ठेवली. तुमच्या दोघांच्या खाली उघडलेल्या." टीचरांनी एक छत्री उभी चिरली. "या पात्या बघा. छत्री उघडली की यांतून बीजाणू गळतात, पिठासारखे. रात्रभर खाली पडले की पात्यांची नक्षी उमटते. कळीत ते अजून तयारच नसतात. बीज नाही म्हणे! हेच बीज. दोन बीजाणू रुजतात, त्यांचे धागे भेटतात, जुळले तर नवी बुरशी."

"आणि देवी?"

"काकी, एका वारुळात बहुतेक एकच बुरशी असते. वाळवी तिची शेती करते. वर छत्र्या कितीही दिसोत, खाली जीव एक, जनुकं तीच. मग त्याच जिवाने एका बाईला हो आणि विनयाला नाही कसं सांगितलं?"

"म्हणजे तो माणूस..."

"ज्या बाईला पुन्हा बोलवायचं, तिला कळी."

डॉक्टरांनी मला शक्यता सांगितली होती, तीही कमीच. खात्री फक्त बाबांनी दिली होती.

फोन सासूबाईंनीच माझ्या हातात दिला. "हो, उद्या येतो," मी म्हणाले. आवाज सपाट. गर्भ राहील की नाही, ते तिन्हींपैकी कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"शनिवारी मी जाते रांगेत," सासूबाई वाट्या घासता घासता म्हणाल्या. "म्हणते, बाबा, माझी कूस बघा. पण छत्री मी निवडणार."

तुमच्या नावाने कुणी वाटी झाकली, तर आत काय ठेवलंय ते आधी बघा. मग तीच वाटी दुसऱ्याच्या नावाने झाकून बघा. एवढंच करा, पण घाबरण्याच्या आधी करा.

दुपारी उरलेल्या अळंबीची भाजी झाली. मीठ जरा जास्त पडलं होतं. बऱ्याच दिवसांनी मला चव कळली.